स्टेजखालचा श्रोता

ज्या सर्वांच्या कृपेने अकराशे किलोमीटर प्रवास करूनही मला माझ्या आवडत्या रॉक बँडचा शेवटच्या दौऱ्यातला कार्यक्रम पाहता आला नाही, त्या सर्वांचे प्रथम आभार. हे वाक्य मी उपरोधाने लिहिलेलं नाही. सरकारी अहवालात उपरोध चालत नाही, त्यामुळे चोवीस वर्षांत हात बसलेला नाही. आणि घरी ते खातं बायकोकडे आहे.

बँडचं नाव मुद्दामच सांगत नाही. सांगितलं की समोरचा एक तर "कोण?" म्हणतो, नाही तर "अजून आहेत?" म्हणतो, आणि मला दोन्हीचा सारखाच त्रास होतो. आहेत. चौघेही आहेत. चौघांचे मिळून गुडघे आठ, त्यातले तीन नवे, असं मध्यंतरी वाचनात आलं होतं.

मी कॉलेजात असताना त्यांची एक कॅसेट निघाली. तिच्या दुसऱ्या बाजूचं तिसरं गाणं हे माझ्या आयुष्यातलं एकमेव खरं वेड. त्या गाण्यात एका जागी सगळी वाद्यं थांबतात आणि गायक एकटाच गातो. तिथे त्याच्या आवाजाच्या मागे कुठेतरी बारीकसा टक असा आवाज येतो. टक. थोड्या वेळाने पुन्हा टक. कॅसेट खराब आहे म्हणून मी ती दुकानात परत द्यायला गेलो, तर काउंटरवर एक मुलगी तीच कॅसेट आणि तीच तक्रार घेऊन आधीच भांडत उभी होती. दुकानदार शांतपणे म्हणत होता, "सगळ्यांच्यात आहे ते. तसंच असतं." आमचा दोघांचाही विश्वास बसला नाही. आम्ही दोघांनी आपापली कॅसेट तीन-तीन वेळा बदलून घेतली. चौथ्या खेपेला त्याने आम्हाला एकदमच दुकानाबाहेर काढलं. बाहेर पावलांनी आपोआप एकच दिशा धरली, आणि पुढच्या वर्षी लग्न झालं.

टक म्हणजे काय, याचा निकाल मात्र लागला नाही. बायको म्हणते, रेकॉर्डिंगच्या खोलीत भिंतीवर घड्याळ असणार. मी म्हणतो, कुठलातरी स्क्रू सैल असणार. सव्वीस वर्षं हा वाद चालू आहे. इतर जोडप्यांत माहेर-सासरवरून भांडणं होतात म्हणे. आमच्याकडे त्याला वेळच उरला नाही.

तर या चौघांनी शेवटचा दौरा जाहीर केला. आमच्या शहराला अर्थातच वगळलं. त्यातल्या त्यात जवळचा कार्यक्रम अकराशे किलोमीटरवर. आमच्या लेकीने परस्पर दोन तिकिटं काढून पाठवली आणि फोनवर म्हणाली, "जा आणि तो टक एकदाचा मिटवून या. मला लहानपणापासून वीट आलाय." गाणं प्रत्यक्ष ऐकायचं, त्या जागी कान द्यायचे, टक येतो का पाहायचं. आला तर काय दिसतंय तेही पाहायचं. या दौऱ्यानंतर ते गाणं ते कधीच गाणार नव्हते. तेव्हा आत्ता नाही तर कधीच नाही.

इथे माझ्या नोकरीबद्दल थोडं सांगणं भाग आहे. मी उद्वाहन निरीक्षक आहे. उद्वाहन म्हणजे लिफ्ट. सरकारी कागदावर चढली की तिचं उद्वाहन होतं. इमारतींमधल्या लिफ्ट तपासायच्या, ठीक असेल तर शिक्का मारायचा, नसेल तर बंद करायची, असं काम. लोक मला पाहून कधी खूश होत नाहीत. जिने चढायला लावणारा माणूस अशीच माझी ख्याती आहे.

रजेचा अर्ज घेऊन मी आस्थापना शाखेच्या बाईंकडे गेलो. आमच्या कार्यालयात साहेब बदलत असतात, बाई असतातच.

"कारण?" बाईंनी विचारलं.

"खासगी."

"खासगीत काय? खासगीत पुष्कळ येतं."

"गाणं ऐकायला जायचंय."

बाईंनी चष्मा काढला. "अकराशे किलोमीटर? इथे ऐकू येत नाही का?"

"इथे ते गाणार नाहीत, बाई."

"ऐकू येत नसेल तर वैद्यकीय रजा बसेल. गाण्यासाठी वेगळा रकाना नाही." मग त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं आणि त्यांना काय दिसलं कोण जाणे, पण खासगीपुढे त्यांनी स्वतःच्या हाताने 'अत्यंत' असा शब्द घातला. "आता कुणी विचारणार नाही. विचारायला संकोच वाटेल. आणि शिक्का कुणाकडे देताय?"

शिक्का आमच्या खात्यात माणसाच्या नावावर असतो. रजेवर जाताना तो सहकाऱ्याच्या ताब्यात द्यायचा. माझा एकुलता एक सहकारी एका बंद पडलेल्या लिफ्टमुळे जिन्याने उतरताना घसरून प्लास्टरमध्ये होता. (ती लिफ्ट मीच बंद केली होती. त्याने हे अजून मोठ्या मनाने घेतलेलं नाही.)

"मग बरोबर न्या," बाई म्हणाल्या. "शिक्का आणि पिशवी, दोन्ही. कपाटाचं कुलूप नीट लागत नाही. हरवला तर तुमचं निवृत्तिवेतन माझ्या टेबलावर येणार आहे, लक्षात ठेवा."

अशा रीतीने रॉक बँडच्या कार्यक्रमाला जाताना माझ्याकडे एक टॉर्च, नट आवळायचे दोन पाने, फटी मोजायच्या पात्यांचा जुडगा, शाईची डबी आणि सरकारी शिक्का असा ऐवज जमा झाला.

सोसायटीत बातमी फुटली ती बायकोमुळे नव्हे. मीच पाण्याची टाकी पाहायला गच्चीवर गेलो असताना बोलून गेलो. वरच्या मजल्यावरचे दंतवैद्य त्याच संध्याकाळी कापसाचा एक मोठा गुंडाळा घेऊन आले. "दोघांच्याही कानांत घालायचा. चांगला दाबून. या वयात ऐकू येणं गेलं की येत नाही परत."

"पण डॉक्टर, आम्ही ऐकायलाच चाललोय."

"ऐका ना," ते म्हणाले. "पण बेताने."

तळमजल्यावरच्या गार्डकाकांनी तर मोहीमच हातात घेतली. काका रेल्वेतून गार्ड म्हणून निवृत्त झाले त्याला अठरा वर्षं झाली, पण घरातून बाहेर पडताना अजून मागे वळून हात दाखवतात. त्यांनी आलेख-कागदावर आमचा प्रवास काढला. निळ्या शाईने गाड्या, लाल शाईने गाडी बदलायची स्थानकं.

"काका, थेट गाडी आहे ना?" बायकोने विचारलं.

"थेट गाडीचा भरवसा धरू नये, सूनबाई. थेट गाडी अडकली की माणूस थेट अडकतो. तीन वेळा बदला. एक चुकली तर दोन हातात राहतात." कागदाच्या तळाशी त्यांनी लिहिलं होतं: मैदानाच्या फाटकाशी आगमन, तेरा वाजून चाळीस मिनिटे. कार्यक्रम सहाला होता.

काकांचा शब्द मोडायची हिंमत माझ्यात नव्हती. निम्मी सोसायटी आम्हाला सोडायला खाली उतरली. दुसऱ्या स्थानकावर आम्ही लाल शाईप्रमाणे उतरलो आणि निळ्या शाईच्या गाडीची चौकशी केली. खिडकीतला माणूस बराच वेळ आमच्याकडे करुणेने पाहत राहिला. ती गाडी नऊ वर्षांपूर्वी बंद झाली होती. तेवढ्यात काकांचा फोन.

"हलली का गाडी?"

मला त्यांचं मन मोडवेना. "हलली, काका." खोटं नव्हतं. नऊ वर्षांपूर्वी हललीच असणार.

मग बस. बसमध्ये बायकोने शेजारच्या बाईंना आम्ही कुठे चाललोय ते सांगितलं. त्या बाईंनी पुढच्या काकांना सांगितलं. दहा मिनिटांत अख्खी बस आम्ही कुठे उतरावं यावर बोलत होती. दोन पक्ष पडले. ड्रायव्हरने आरशात पाहून हात वर करायला लावले आणि आम्हाला बहुमताने चुकीच्या थांब्यावर उतरवण्यात आलं. अल्पमतातला एक म्हातारा मात्र आमच्याबरोबर उतरला, आम्हाला बरोबर थांब्यापर्यंत चालत सोडून गेला आणि जाताना एवढंच म्हणाला, "मी सांगत होतो." त्याचंही इथे ऋण मानतो.

एवढं होऊन मैदानाच्या फाटकाशी पोचलो तेव्हा मी घड्याळ पाहिलं. तेरा चाळीस. गार्डकाका ही व्यक्ती मला या जन्मात कळायची नाही.

फाटकाशी आमच्याआधी कुणीच नव्हतं. सुरक्षारक्षकाने माझी पिशवी उघडली. टॉर्च काढली, पाने काढले, पात्यांचा जुडगा हवेत धरून खुळखुळवला. मग शिक्का निघाला. त्याखाली माझं ओळखपत्र. ते त्याने दोनदा वाचलं, ताठ उभा राहिला आणि खांद्यावरच्या वॉकीटॉकीत म्हणाला, "आले. आले एकदाचे."

"कोण आलं?" मी विचारलं.

"चला साहेब. सकाळपासून डोळे लावून बसलेत सगळे."

"मी कार्यक्रमाला आलोय. हे तिकीट."

"तिकीट कशाला, साहेब? लाजवू नका."

"अरे, कुठे चाललास?" मागून बायको ओरडली.

"पाच मिनिटांत आलो!" मी म्हणालो. अडकलेल्या लिफ्टच्या बाहेर उभं राहून हेच वाक्य म्हणणाऱ्या कित्येकांना मी आजवर नोटिसा दिल्या आहेत.

स्टेजचा मुख्य मिस्त्री आडव्या अंगाचा, खिन्न मिशांचा गृहस्थ होता. त्याने खुलासा केला तो असा. स्टेजमध्ये एक छोटी लिफ्ट होती. गायक तिच्यावर उभा राहणार आणि पुरुषभर उंच वर जाणार, कार्यक्रमात पाच वेळा. स्थानिक निरीक्षकांनी ठीक म्हटल्याशिवाय ती चालवायची नाही, असं परवान्यात होतं, आणि ते अजून आले नव्हते.

"मी ते नव्हे," मी म्हणालो. "माझी हद्द अकराशे किलोमीटर मागे संपते. मी रजेवर आहे."

"मग ते कुठायत?"

मिस्त्रीने माझ्यासमोर स्पीकरवर फोन लावला. स्थानिक निरीक्षक चार तासांपासून एका इमारतीत, चौथ्या आणि पाचव्या मजल्याच्या मधे, लिफ्टमध्ये अडकले होते.

"कुणी पास केली होती ती?" मी खात्याच्या सवयीने विचारलं.

"प्रमाणपत्र समोरच लावलंय," ते म्हणाले. "अक्षर माझंच आहे."

मला त्यांच्याबद्दल फार आपुलकी वाटली.

"साहेब, तुम्ही आमच्याच खात्यातले," ते पुढे म्हणाले. "एकदा नजर टाका. जबाबदारी माझी, डोळे तुमचे. मिस्त्री, हे म्हणतील तर चालवा, नाही म्हणाले तर नाही."

आता नजर टाकायला काय हरकत होती? एवढीच की ती एकदा टाकली की परत घेता येत नाही. मी स्टेजखाली वाकून गेलो, टॉर्च मारली, लिफ्ट वर न्यायला लावली. वर गेल्यावर दोन्ही बाजूंचे खटके आपोआप बसायला हवेत. उजवा बसला. डाव्याने बसल्याचं नाटक केलं. मी फटीत पाती घालून पाहिली. तीन पाती गेली. ती जायला नको होती.

"दुसरा खटका आहे?"

"उद्या सकाळी येईल."

"मग लिफ्ट बंद."

मिस्त्री खालीच बसला. "वर उभं राहायचं म्हणून ती पाच गाणी, साहेब. लिफ्ट नाही तर ती पाच वगळा, असं ठरलंय. खालून मागच्या लोकांना दिसत नाही, आणि त्यांना आता उड्या मारता येत नाहीत." त्याने खिशातून गाण्यांची यादी काढली आणि पाचांवर बोट ठेवलं. चौथं बोट जिथे पडलं, ते दुसऱ्या बाजूचं तिसरं गाणं होतं.

मी यादीकडे पाहत राहिलो. आयुष्यात एवढ्या लिफ्ट बंद केल्या, कधी स्वतः जिना चढावा लागला नव्हता.

उपाय एकच होता. लिफ्ट वर गेली की डाव्या बाजूला हाताने लोखंडी खीळ ठोकायची, गाणं संपेपर्यंत तिच्यावर हात ठेवून उभं राहायचं, आणि लिफ्ट उतरायच्या आधी ती काढायची. पाच वेळा. हे मिस्त्रीची माणसंही करू शकली असती. पण त्यांच्या भरवशावर मी ठीक म्हणालो असतो आणि खुर्चीत जाऊन बसलो असतो, तर मी गायकाकडे नाही, त्याच्या पायाखालीच पाहत बसलो असतो. एवढं मी स्वतःला ओळखतो. मी बाईंना फोन केला.

"रजेवर शिक्का मारलात तर रजा रद्द होईल," बाई म्हणाल्या.

"आणि शिक्का न मारता नुसता खाली उभा राहिलो तर?"

कागद उलटल्याचा आवाज आला. बाई नियम पाहिल्याशिवाय श्वाससुद्धा घेत नाहीत. "रजेवरच्या माणसाने कुठे उभं राहावं, याबद्दल नियम नाही," त्या म्हणाल्या. मग आवाज थोडा उतरवून, "गाणं ऐकू येईल ना तिथून?"

पाचाच्या सुमाराला बायकोला गाठून सगळं सांगितलं. वाटलं होतं, चिडेल.

"म्हणजे मी एकटी ऐकू?"

"एकटी नाही. मी खाली आहे. तुझ्यापासून वीस पावलांवर असेन."

"तो पडला असता ना, तू नसतास तर?"

"कदाचित नसता पडला."

"हं. मग जा," ती म्हणाली. "मी टक ऐकते, तू स्क्रू बघ." आणि माझ्या रिकाम्या खुर्चीवर तिने दंतवैद्यांचा कापूस ठेवून जागा राखली.

तर तो कार्यक्रम मी असा पाहिला: अंधार, लोखंडी नळ्या, वायरींची गुंतवळ, आणि डोक्यावर एक जाळीची पट्टी, जिच्यातून गायकाच्या बुटांचे तळवे दिसत. हजारो माणसं एकदम ओरडतात तेव्हा वरची लाकडं कशी थरथरतात, हे फार कमी रसिकांना ठाऊक असेल. ड्रम मला ऐकू आले नाहीत. ते दातांत आले. तेव्हा मी दंतवैद्यांना मनोमन हात जोडले आणि कापूस आपण वर ठेवून आलो, हेही आठवलं. पहिली खीळ, दुसरी खीळ, तिसरी. दोन गाण्यांच्या मधे मिस्त्री मला पाण्याची बाटली देई आणि उगाच "ठीक ना साहेब?" विचारी. एकदा गार्डकाकांचा फोन आला. आवाज ऐकूनच ते म्हणाले, "सुटली वाटतं गाडी वेळेवर," आणि समाधानाने ठेवून दिला.

मग चौथं गाणं. लिफ्ट वर गेली, मी खीळ ठोकली, हात ठेवला. सुरुवातीचे सूर आले. ते गाणं पूर्वीपेक्षा सावकाश वाजवत होते. आवाजही खाली उतरला होता, पण आतून भरल्यासारखा. मग ती जागा आली. सगळी वाद्यं थांबली. हजारो माणसं गप्प झाली. तो एकटा गायला लागला.

टक.

माझ्या डोक्यापासून हातभर अंतरावर. जाळीतून मी वर पाहिलं. त्याच्या डाव्या बुटाची टाच उचलली गेली, थांबली, आणि खाली आली. टक. तो स्वतःसाठीच ताल धरत होता. वाद्यं नसताना हरवू नये म्हणून. लोखंडाच्या खिळेतून तो टक माझ्या तळहातात येत होता. टाच एका कडेने पार झिजली होती. सव्वीस वर्षं आम्ही घड्याळ आणि स्क्रूवरून भांडलो, आणि तो एक माणूस होता, एकटा पडल्यावर घाबरू नये म्हणून पाय आपटणारा.

कार्यक्रम संपल्यावर तो शेवटचा खाली उतरला. जवळून पाहिला तर घामाने चिंब, दमलेला, साधा गृहस्थ. मिस्त्रीने माझ्याकडे बोट दाखवलं.

"आज लिफ्ट अजिबात हलली नाही," तो मला म्हणाला. "नेहमी भीती वाटते. तुम्ही धरून होतात?"

सव्वीस वर्षं मनात घोकलेली कितीतरी वाक्यं होती. कॅसेट, दुकान, लग्न, लेक. तोंडातून निघालं ते असं: "डावी टाच झिजलीय तुमची. एका बाजूने. पाय मुरगळेल."

त्याने बुटाकडे पाहिलं. मग माझ्याकडे. "बदलली होती एकदा," तो म्हणाला. "गाणं चुकलं." आणि माझा तेलकट हात दोन्ही हातांत धरून दाबला. अहवालात हे बसत नाही म्हणून इथे लिहितो.

बायको फाटकाशी उभी होती. डोळे लाल. "फार छान झालं रे," ती म्हणाली, "पण टक नव्हता. त्या जागी मी श्वास रोखून बसले होते. नाही आला." असं म्हणताना तिचा चेहरा असा पडला होता, की जणू आमच्या लग्नाचा साक्षीदार खोटा निघाला होता.

"आला," मी म्हणालो, आणि सगळं सांगितलं. तिने ऐकलं, माझा तळहात उलटा करून पाहिला, जणू तिथे काही उमटलं असेल. मग बराच वेळ आम्ही चालत राहिलो.

"म्हणजे तो दुकानदार खरं बोलत होता," ती अचानक म्हणाली.

"हो."

"आपण काय काय बोललो रे त्याला!"

परतीला आम्ही थेट गाडी घेतली. ती थेट आली. काकांना हे सांगितलेलं नाही. घरी सामान टाकून दुसऱ्याच सकाळी आम्ही त्या दुकानात गेलो. आता तिथे मोबाइलची कव्हरं मिळतात. गल्ल्यावर सून असते, पण म्हातारा आतल्या बाजूला खुर्ची टाकून बसलेला असतो. आम्ही दोघं एकदम आत शिरलो, तसा त्याने चष्मा वर केला, पुढे झुकून आम्हाला न्याहाळलं, आणि आम्ही तोंड उघडायच्या आत म्हणाला,

"बदलून मिळणार नाही."

"नको आहे, काका," बायको म्हणाली. "चांगली निघाली."